हेरांच्या दप्तराची झडती

आपल्याकडील एखाद्या मामलेदार कचेरीत टाचण्यांची एक डबी खरेदी झाली, तरी तिची पावती दप्तराला लागते, रक्कम नोंदवहीत चढते, आणि वर्षअखेर लेखापरीक्षक येऊन तिच्यावर बोट ठेवील या धास्तीने अव्वल कारकून तो कागद जिवापाड जपतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र १९४९ सालापासून असा एक कायदा अमलात आहे, की ज्याच्या अन्वये मध्यवर्ती गुप्तवार्ता संस्थेच्या, म्हणजे ‘सीआयए’ या तीन अक्षरांनी जगाला परिचित असलेल्या खात्याच्या, संचालकाने एखादा खर्च गोपनीय असल्याचे स्वतःच्या सहीनिशी प्रमाणित केले, की तो दाखला हीच त्या खर्चाची पुरेशी पावती ठरते. त्याआधीच्या १९४७ च्या कायद्याने तर कोणाही नोकराला केवळ आपल्या विवेकाने, देशहित सांगून, बडतर्फ करण्याची मुखत्यारीही याच संचालकाच्या हाती दिली होती. द्रव्य आणि मनुष्य या दोन्ही बाबतींत इतका निरंकुश अधिकार ज्याला लाभला, त्या खात्याचे वरिष्ठ आपल्याच कारभाराची रुजुवात कशी घालतात, हे कुतूहल मला हेरांच्या साहसकथांपेक्षा नेहमीच अधिक वाटत आले आहे; कारण साहसे थोड्यांच्या वाट्याला येतात, वार्षिक शेरा मात्र कोणालाच चुकत नाही.

हा प्रश्न पहिल्याने मनावर घेतला तो जनरल वॉल्टर बेडेल स्मिथ यांनी. दुसऱ्या महायुद्धात आयसेनहॉवरांचे चीफ ऑफ स्टाफ म्हणून लष्करी शिस्तीचा कळस गाठलेले हे करारी गृहस्थ १९५० च्या ऑक्टोबरात संचालकपदी आले, तेव्हा खाते अवघे तीन वर्षांचे होते आणि आदल्याच वर्षी डलेस, जॅक्सन व कोरेआ या त्रयीच्या मंडळाने त्याच्या ढिसाळ कारभारावर कडक ताशेरे झाडले होते. पेशवाईत जमाखर्चाचा फड आणि बातमीदारांचे जाळे ही दोन्ही सूत्रे नाना फडणविसांच्या एकाच मुठीत एकवटली होती. स्मिथसाहेबांनी त्यांची फारकत केली. अंतर्गत प्रशासनासाठी स्वतंत्र उपसंचालक नेमला, आणि १९५२ मध्ये महानिरीक्षक नावाचे एक पद निर्माण करून खात्याच्या कोणत्याही विभागाची झडती घेण्याची मुभा त्याला दिली. हा निरीक्षक जाब देई तो मात्र एकट्या संचालकाला. या एका कलमाचे महत्त्व पुढे दिसेल.

दैनंदिन देखरेखीचे साधन म्हणजे संचालकाच्या दालनात भरणारी सकाळची बैठक. तिची टिपणे आज पाहावयास मिळतात, आणि ती वाचताना कोणाही सरकारी नोकराला घरी आल्यासारखे वाटावे. अमक्या उपसंचालकांनी अमुक बाब निदर्शनास आणली, संचालकांनी तमक्यास लक्ष घालण्यास सांगितले, अशा कोरड्या, तुटक वाक्यांत व्हिएतनाममधील शत्रुसैन्याचे अंदाज आणि नोकरवर्गाच्या संख्येवर आलेली मर्यादा ही एकापाठोपाठ एक येतात. या निवांत यंत्राचा खरा कारभारी होता कर्नल लॉरेन्स व्हाइट, ज्याला सारे ‘रेड’ म्हणत. म्हणजे आडनावाने पांढरा आणि टोपणनावाने तांबडा. फिलिपाइन्समधील लढाईत घायाळ झालेल्या या सैनिकाने १९५० च्या दशकात हिशेब, भरती, प्रशिक्षण, सुरक्षा, वैद्यकीय सेवा, माल आणि वाहतूक अशी सर्व बिनशोभेची खाती सांभाळली, पुढे १९६५ ते १९७२ या काळात तो कार्यकारी संचालक व नियंत्रक झाला, आणि दिवसभरातील भेटीगाठींची टिपणे तो नियमाने लिहून ठेवीत असे. हेरखात्याचा इतिहास लिहिणारे या माणसाला चार ओळींत आटोपतात, हा मला अन्याय वाटतो.

नोकराच्या कामाचे मोजमाप करण्याचा वार्षिक नमुना हाही असाच दुर्लक्षित कागद. वरिष्ठाने कामाचे एकेक अंग घेऊन त्यापुढे एकेक अक्षर घालावयाचे: दुर्बळ, पुरेसा, निष्णात, प्रबळ, असाधारण. त्यावर वरच्या अधिकाऱ्याचा अभिप्राय. आणि त्याही आधी, आपण हा अहवाल पाहिला आहे अशी खुद्द नोकराची सही. येथे क्षणभर थांबून हसू येते. आपल्या उघड्या कचेऱ्यांतून ‘गोपनीय अहवाल’ नावाचा लखोटा वर्षानुवर्षे फिरत राहिला आणि प्रतिकूल शेरा असल्याखेरीज ज्याच्याविषयी तो लिहिला त्याला त्याचा सुगावाही लागू दिला गेला नाही. आणि ज्या खात्याचा सारा व्यवहारच गोपनीय, तेथे मात्र तो कागद नोकरापुढे ठेवून त्याची सही घेतली जात होती.

या सर्व व्यवस्थेची खरी कसोटी लागली ती १९६१ साली. एप्रिलच्या १७ तारखेला क्यूबाच्या ‘बे ऑफ पिग्ज’ या किनाऱ्यावर खात्याने सिद्ध केलेली निर्वासितांची सुमारे चौदाशे जणांची पलटण उतरली आणि तीन दिवसांत तिचा निःपात झाला. शंभराहून अधिक मेले, अकराशेवर कैद झाले. महानिरीक्षक त्या वेळी होते लायमन कर्कपॅट्रिक. बुद्धिमान, देखणे, गुप्त मोहिमांच्या शाखेचे उद्याचे प्रमुख म्हणून ज्यांच्याकडे सर्वांची दृष्टी लागली होती असे हे गृहस्थ १९५२ मध्ये आशियाच्या दौऱ्यानंतर पोलिओने आजारी पडले, पुढील आयुष्य चाकांच्या खुर्चीत गेले, आणि हुकलेल्या पदाऐवजी त्यांच्या वाट्याला आले इतरांचे दोष शोधण्याचे काम.

त्यांनी खात्यातील सव्वाशेच्या सुमारास माणसांच्या जबान्या घेतल्या आणि ऑक्टोबरात दीडशे पृष्ठांचा अहवाल पुरा केला. पराभवाचे खापर अध्यक्ष केनेडी यांनी रद्द केलेल्या विमानहल्ल्यावर फोडण्याची जी सोयीस्कर रीत पडली होती, तिच्या वाटेला न जाता त्यांनी बोट ठेवले ते घरच्या कारभारावर. आरंभीच्या अंदाजपत्रकातील ४४ लक्ष डॉलरांचा आकडा ४ कोटी ६० लक्षांवर गेला, स्पॅनिश जाणणारे अधिकारी पुरेसे नव्हते, यशाची आशा मावळली असता अध्यक्षांना तसे स्पष्ट सांगितले गेले नाही. हे सर्व त्यात आहे. पण मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ती एक शुद्ध कारकुनी बाब. निरीक्षकाने अधिकाऱ्यांच्या गुणानुक्रमाच्या याद्या काढून मोहिमेवर नेमलेल्या माणसांशी ताडून पाहिल्या, आणि असे दाखवून दिले की इतर विभागांनी आपली उत्तम माणसे स्वतःजवळ राखून काही नकोशी झालेली माणसे या कामावर ढकलली होती. ज्याने म्हणून एखाद्या कचेरीत बदल्यांचा मोसम पाहिला आहे, त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या वेळी संचालकपदी होते तेच ॲलन डलेस, ज्यांनी बारा वर्षांपूर्वी मंडळाचे प्रमुख म्हणून या खात्यावर ताशेरे ओढले होते! काळाची ही थट्टा इतकी चोख आहे, की कादंबरीकाराने ती टाळली असती. डलेस जात होते आणि जॉन मॅकोन येत होते, त्या संधिकाळात कर्कपॅट्रिक यांनी अहवाल आधी येणाऱ्याच्या हाती दिला, मग जाणाऱ्याच्या. दप्तराच्या रिवाजाला हे सोडून होते, आणि मोहिमेचे सूत्रधार रिचर्ड बिसेल यांच्या बाजूने लांबलचक प्रत्युत्तर आले तेव्हा, हा अहवाल नव्हे, हा हुकलेल्या उमेदवाराचा राग आहे, ही कुजबुजही खात्यात पसरली. मला हा आरोप अगदीच निराधार वाटत नाही. पण रागाने लिहिलेली गोष्ट खोटीच असते असेही नाही, आणि कर्कपॅट्रिकांच्या मुख्य निष्कर्षांना उत्तर देणे बिसेलांनाही साधले नाही. मॅकोन यांनी काय केले, तर अहवाल तिजोरीत बंद केला, त्याच्या वीस प्रतींपैकी बहुतेक नष्ट झाल्या, आणि लेखकाला पुढल्याच वर्षी कार्यकारी संचालक नेमले. निदान नाकारून वैद्याला बढती देण्याचा असा प्रकार आपल्याकडेही अपरिचित नाही.

नंतरच्या संचालकांपैकी काहींनी झडतीऐवजी झाडू हाती घेतला. १९७३ मध्ये जेम्स श्लेसिंजर पाच महिने टिकले, पण तेवढ्यात हजाराहून अधिक लोकांना निरोप देऊन गेले. मेच्या ९ तारखेला त्यांनी सर्व नोकरांना हुकूम सोडला, की खात्याच्या सनदेबाहेरचे जे कोणतेही कृत्य ठाऊक असेल ते कळवावे. त्यातून सुमारे सातशे पानांचा जो गठ्ठा जमला, त्याला खात्यात ‘घराण्याचे जडजवाहीर’ असे खोचक नाव पडले, आणि १९७५ च्या संसदीय चौकशांचे ते दारूगोळ्याचे कोठार ठरले. १९७७ साली स्टॅन्सफिल्ड टर्नर यांनी गुप्त मोहिमांच्या शाखेतील आठशेवीस जागा कमी करण्याचे ठरवले. या दोन्ही प्रसंगांचा राग तेथील जुन्या माणसांच्या मनातून कधी गेला नाही.

निरीक्षकाने जाब द्यावयाचा कोणाला, या गाठीला हात घातला तो १९८९ च्या कायद्याने. महानिरीक्षकाची नेमणूक यापुढे सेनेटच्या संमतीने अध्यक्ष करणार. संचालकाला एखादी चौकशी राष्ट्रीय सुरक्षेसाठी थांबवता येईल, पण तिची कारणे सात दिवसांच्या आत संसदेच्या गुप्तवार्ता समित्यांना लेखी कळवावी लागतील. या कायद्याखालील पहिले निरीक्षक फ्रेडरिक हिट्झ यांच्या वाट्याला ऑल्ड्रिच एम्सचे प्रकरण आले. सोव्हिएत हेरखात्याला १९८५ पासून स्वतःच्याच बातमीदारांची नावे विकणाऱ्या या दारूबाज अधिकाऱ्याने ५ लक्ष ४० हजार डॉलरांचे घर रोखीने घेतले, जग्वार मोटार घेतली, आणि नऊ वर्षे वार्षिक शेऱ्यांच्या जाळ्यातून तो निसटत राहिला. तो पकडला गेल्यावर संचालक जेम्स वुल्सी यांनी अकरा जणांना समजपत्रे दिली. नोकरी एकाचीही गेली नाही. पुढे ११ सप्टेंबरच्या हल्ल्याविषयी निरीक्षकाने जबाबदारी ठरवण्यासाठी मंडळ नेमण्याची शिफारस केली, ती २००५ मध्ये संचालक पोर्टर गॉस यांनी फेटाळली. आणि कैद्यांच्या चौकशीच्या पद्धतींवर कठोर अहवाल देणाऱ्या महानिरीक्षक जॉन हेल्गरसन यांच्याच कार्यालयाची तपासणी २००७ मध्ये संचालक मायकेल हेडन यांनी सुरू करविली. कायद्याने निरीक्षकाला बळ आले, पण खुर्चीचा स्वभाव पालटला असे म्हणवत नाही.

कर्कपॅट्रिकांचा तो अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये, म्हणजे छत्तीस वर्षांनी, बाहेर आला, आणि आज तो कोणालाही वाचावयास मिळतो. ज्यांची हयात सरकारी नोकरीत गेली आहे अशा वाचकांनी तो आवर्जून वाचावा, आणि माणसांच्या नेमणुकांविषयीचे प्रकरण आधी उघडावे.