इंजिन का तापते?

उन्हाळ्यात मुंबई-नाशिक रस्त्याने जाताना कसारा घाटात तुम्ही कधी तरी असे दृश्य पाहिले असेल. रस्त्याच्या कडेला एक मोटार उभी आहे. तिचे बॉनेट उघडले आहे आणि आतून वाफ येत आहे. लोक म्हणतात, "इंजिन तापले." इंजिन का तापते? अशा वेळी काय करावे? चला, समजून घेऊ.

इंजिनात पेट्रोल किंवा डिझेल जळते. त्या उष्णतेचा काही भागच गाडी चालवण्यास उपयोगी पडतो. उरलेली उष्णता बाहेर टाकावी लागते. म्हणून इंजिनाभोवती कूलंट मिसळलेले पाणी फिरवतात. तापलेले पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाते, वाऱ्याने थंड होते आणि पुन्हा इंजिनाकडे येते.

गाडी वेगात असली की समोरचा वारा पुरतो. गर्दीत किंवा चढावर गाडी हळू चालते, तेव्हा वारा कमी पडतो. त्या वेळी पंखा कामाला येतो. जुन्या अँबेसेडर गाडीत हा पंखा इंजिनाच्या पट्ट्याने फिरत असे. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये विजेचा पंखा होता. आजच्या बहुतेक मोटारींतही तोच असतो. पाणी ठरावीक मर्यादेपर्यंत तापले की सेन्सर इशारा देतो आणि पंखा सुरू होतो.

आता दोष शोधू. गाडी उभी असताना इंजिन तापते, पण वेगात ठीक राहते का? मग पंख्यावर संशय घ्यावा. वेगातही तापत असेल, तर पाणी कमी असेल, रेडिएटर तुंबला असेल किंवा पाण्याचा पंप बिघडला असेल.

इंजिन तापताच गाडी सुरक्षित जागी थांबवा, एसी आणि इंजिन बंद करा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. मग टाकीतील पाणी खुणेपर्यंत आहे का, ते पाहा. पाणी ठीक असेल, तर इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर हा पंखाही फिरतो. तो फिरला, तर मोटर चांगली आहे. दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये असू शकतो. फिरला नाही, तर फ्यूज, रिले, वायर आणि शेवटी मोटर तपासावी. जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज लावावा. जाड तार लावली, तर आग लागू शकते.

एक गोष्ट मात्र कधीही विसरू नका. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका! आत पाणी दाबाखाली असते. त्यामुळे ते १०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो, पाणी एकदम उकळते आणि वाफेसह अंगावर उडते. तोंड व हात भाजतात. पंख्यातही हात घालू नका. इंजिन बंद असले, तरी तो अचानक फिरू शकतो.

"घर जवळच आहे," म्हणून तापलेली गाडी तशीच दामटू नये. इंजिनाचे डोके वाकते आणि मोठा खर्च येतो. थोडा वेळ थांबणे केव्हाही चांगले.

स्वाध्याय
१. चढावर पंख्याची गरज का भासते?
२. गरम रेडिएटरचे झाकण का उघडू नये?
३. एसी लावून पंख्याचा दोष कसा ओळखता येतो?