मोटारसायकलची ‘उंची’ : एक शब्द, तीन राशी

परभणी जिल्ह्यातील पूर्णा हे रेल्वेचे जंक्शन आहे. तेथून अकोल्याकडे जाणारा लोहमार्ग पूर्वी मीटरमापी होता. २००८ साली तो रुंदमापी झाला. ‘मीटरमापी’ म्हणताच रुळांमधील अंतर १,००० मिलिमीटर आणि ‘रुंदमापी’ म्हणताच १,६७६ मिलिमीटर, असा अर्थ निश्चित होतो. रेल्वेच्या परिभाषेत शब्द आणि माप ह्यांची अशी सांगड पडलेली आहे. परंतु ह्याच गावात मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्याला कोणी ‘गाडीची उंची कमी करून द्या’ असे सांगितले, तर नेमके काय कमी करावयाचे हे त्या वाक्यावरून कळत नाही. ‘उंची’ ह्या एकाच शब्दाखाली येथे तीन निरनिराळ्या राशी येतात. आणि त्यांची गल्लत झाली, तर तिची किंमत चालकाला रस्त्यावर मोजावी लागते.

पहिली राशी म्हणजे आसनाची उंची. आखूड पायांच्या चालकाचे पाऊल जमिनीला टेकते की नाही, हे प्रामुख्याने तिच्यावर आणि आसनाच्या रुंदीवर अवलंबून असते. दुसरी राशी म्हणजे तळाची उंची, अर्थात् जमीन आणि वाहनाचा सर्वांत खालचा भाग ह्यांमधील अंतर. तिसरी राशी म्हणजे ओझे पेलताना सांगाडा चाकाच्या तुलनेत जेथे स्थिरावतो ती पातळी; तिला ‘चालती उंची’ म्हणता येईल. खड्डा किंवा उंचवटा आला असता चाकाला वर-खाली सरकण्यास किती वाव उरतो, हे ह्या पातळीवरून ठरते. रॉयल एनफिल्डच्या २०१६ मधील हिमालयन ह्या गाडीत आसनाची उंची ८०० मिलिमीटर, तळाची उंची २२० मिलिमीटर आणि मागच्या चाकाची एकंदर हालचाल १८० मिलिमीटर होती. तीन आकडे तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. व्यवहारातील भाषा मात्र त्यांना एकच नाव देते.

ज्या भागात फेरफार करून ही ‘उंची’ कमी केली जाते, त्याचे नावही फसवे आहे. कारखान्यात त्याला ‘शॉकअप’ म्हणतात. ग्रंथांतून ‘धक्काशोषक’ असा प्रतिशब्द आढळतो. वस्तुतः धक्का झेलते ती स्प्रिंग. टांग्याच्या संदर्भात मराठीने तिला पूर्वीच ‘कमान’ हे समर्पक नाव दिले होते. दाबलेली स्प्रिंग पुनःपुन्हा उसळू लागते. ती उसळी शमविणे हे आतील तेलाच्या नळीचे काम होय. बुलेट ह्या गाडीच्या मागच्या चाकाला १९४९ च्या सुमारास अशी स्प्रिंग-तेलाची जोडी आणि तिच्याबरोबर हलणारा ‘चिमटा’ मिळाला. म्हणून ‘शॉकअप कमी करणे’ ह्या प्रयोगात स्प्रिंग आखूड करावयाची, नळी आखूड करावयाची की दोन्ही, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

एक गणित पाहावे. चिमट्याची लांबी ५०० मिलिमीटर आहे, शॉकअपचा खालचा बोल्ट चिमट्याच्या बिजागरीपासून ४५० मिलिमीटरवर आहे, आणि शॉकअप चिमट्यावरील लंबापासून ३० अंश झुकलेला आहे, असे मानू. अशा रचनेत चाक १ मिलिमीटर सरकले असता शॉकअप सुमारे ०.७८ मिलिमीटर दबतो. म्हणून शॉकअप २० मिलिमीटर आखूड केला, तर गाडीची मागची बाजू सुमारे २६ मिलिमीटर खाली येते. आसन दोन चाकांमधील अंतराच्या मागील चतुर्थांशाच्या आरंभी असेल, तर ते सुमारे १९ मिलिमीटरच उतरते. चाकांमधील अंतर १,३०० मिलिमीटर असल्यास सारा सांगाडा सुमारे १.१ अंशाने मागे कलतो. पुढच्या फोर्कचा तिरकेपणा तितकाच वाढतो आणि हँडल वळण्यास जड व संथ होते. फोर्कच्या नळ्या त्यांना धरणाऱ्या पट्ट्यांतून त्याच प्रमाणात वर सरकविल्या तर हा दोष निघतो. मात्र मग फोर्क पूर्ण दबला असता पुढचे चाक कोठे अडकत तर नाही, हे पाहणे आवश्यक ठरते.

आखूड करण्याच्या रीतीही सारख्या नाहीत. स्प्रिंगचे वेढे कापणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सदोष रीत होय. १५ वेढ्यांतून ३ कापले, तर स्प्रिंग सव्वापट ताठ होते. शिवाय नळी पूर्ण लांबली असता ती सैल पडते आणि कापलेले टोक बैठकीवर नीट बसत नाही. दुसरी रीत म्हणजे दुसऱ्या गाडीचा आखूड शॉकअप बसविणे. त्याची हालचाल मूळच्या इतकीच असेल, तर पूर्ण दबल्यावर चाक पूर्वीपेक्षा वर जाते आणि टायर मडगार्डला घासतो. तिसऱ्या रीतीत नळीच्या आत दांड्यावर एक कडे बसवून तिचे लांबणे मर्यादित केले जाते. येथे दबण्याची शेवटची मर्यादा बदलत नाही, हा मोठा गुण. परंतु मूळचीच स्प्रिंग ठेवली तर तिच्यावरील आरंभीचा दाब वाढतो आणि ओझ्याखाली गाडी जवळजवळ पूर्वीच्याच उंचीवर स्थिरावते. म्हणून तिच्याबरोबर आखूड स्प्रिंग हवी. आणि हालचालीला वाव कमी उरल्यामुळे ती थोडी ताठही हवी.

पूर्णेच्या परिसरात ह्या विवेचनाला आणखी एक बाजू आहे. तेथील काळी जमीन पावसाळ्यात चिकट होते. चिखल टायर आणि मडगार्ड ह्यांच्यामध्ये भरून चाक जखडते. कोरड्या सडकेवर पुरेशी वाटणारी फट शेतरस्त्यावर अपुरी पडते. मागे दुसरा माणूस किंवा खताचे पोते असेल, तर ती आणखी घटते. शिवाय खाली आलेली गाडी मूळच्या साइड स्टँडवर जवळजवळ उभीच राहते आणि थोड्या धक्क्याने विरुद्ध बाजूला कलंडू शकते. साखळीचा ताणही नव्याने पाहावा लागतो.

कायद्याची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला सर्वसाधारणपणे करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात हीच भूमिका घेतली.

तात्पर्य, ‘उंची कमी करा’ ही मागणी अपुरी आहे. पाऊल जमिनीला टेकावे एवढाच हेतू असेल, तर आसनाचा फोम कमी करणे किंवा त्याच्या कडा अरुंद करणे हा पहिला उपाय होय. त्याने एकच राशी बदलते, उरलेल्या दोन अबाधित राहतात. शॉकअपला हात लावताच तिन्ही राशी एकदम बदलतात. कोणती उंची, किती मिलिमीटर आणि कोणत्या ओझ्याखाली, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे ठरल्यावाचून पाना हाती घेऊ नये. शब्दातील संदिग्धता येथे केवळ शैलीचा दोष राहत नाही. ती चाकापर्यंत पोहोचते.