शिधा आईचा, दूध बाळाचं

बाळ जितकं चोखतं, तितकं दूध उतरतं. आई अर्धपोटी असली तरी दूध बहुधा टिकतं; झिजते ती आई. म्हणून लातूर असो वा नांदेड, अंगणवाडीचा शिधा स्तनदा मातेला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त मिळाव्यात यासाठी असतो. पण घरी नेलेला शिधा सगळ्या घरात वाटला जातो. किनवटच्या आदिवासी गावांत अमृत आहार योजनेतून अंगणवाडीतच गरम जेवण मिळतं. मला हेच अधिक पटतं. अमेरिकेत माता-बालकांच्या पोषण योजनेतून बाळासाठी दुधाची पावडरही फुकट मिळते. आपल्याकडे तिच्या जाहिरातीलाही १९९२च्या कायद्याने बंदी आहे. घरात बाळंतीण असेल, तर तिचं नाव अंगणवाडीत आजच नोंदवा आणि तिचं ताट आधी वाढा.