काडतुसाची मान आणि गोळीची बैठक

पुण्याजवळील खडकी येथे १८६९ मध्ये स्थापन झालेला दारूगोळा कारखाना आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा आयुध कारखाना हे दोन्ही लष्करासाठी काडतुसे तयार करतात, आणि २०२१ मधील पुनर्रचनेनंतर ते म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आले आहेत. अशा कारखान्यातील काडतूस एका ठरावीक रायफलीसाठी बनत नाही. त्या मापाच्या कोणत्याही रायफलीत, धुळीत आणि चिखलातही ते अडकता कामा नये, म्हणून चेंबरपेक्षा, म्हणजे नळीच्या मागील टोकाला काडतूस बसते त्या पोकळीपेक्षा, त्याचे कवच किंचित बारीक ठेवतात. अचूक नेमबाजीला नडते ती हीच ढिलाई.

सुमारे सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त असलेले पितळी कवच बार उडताना फुगून चेंबरच्या भिंतीला टेकते, वायू मागे येऊ देत नाही आणि दाब उतरताच जरासे आक्रसते. त्यामुळे एकदा वापरलेले कवच त्या एका रायफलीच्या मापाचे झालेले असते. ज्या देशांत खासगी व्यक्तींना काडतुसे भरण्याची मुभा आहे, तेथील नेमबाज हा घडलेला आकार जपण्यासाठी कवचाचे धड तसेच ठेवून केवळ गोळी धरणारी मान पोलादी साच्यात दाबून पुन्हा आवळतात. ही पकड सैल किंवा असमान असली, तर गोळी सुटण्याच्या क्षणी असणारा दाब, आणि त्याबरोबर वेग, दर बारास बदलू शकतो. वारंवार दाबल्याने पितळ कडक होते, म्हणून मान तापवून पुन्हा मऊ करावी लागते. लष्करी काडतुसांच्या मानेवर अनेकदा दिसणारी निळसर-तपकिरी झाक ही त्याच प्रक्रियेची खूण असते. मात्र केवळ मान आवळत गेल्यास काही वापरांनंतर कवच चेंबरमध्ये घट्ट बसू लागते, त्यामुळे आता अनेक नेमबाज संपूर्ण कवच दाबून त्याचा खांदा, म्हणजे धड आणि मान यांमधला उतार, मिलिमीटरच्या काही शतांशांनीच मागे सरकवणे पसंत करतात.

दुसरा प्रश्न गोळी मानेत किती खोल बसवावी हा असतो. नळीतील पीळदार खाचा जेथे सुरू होतात तेथवर गोळीला अल्प अंतर मोकळे कापावे लागते, आणि ते दर वेळी सारखे राहिले तरच गोळी खाचांत एकाच रीतीने शिरते. गोळ्यांची टोके एकसारखी नसल्याने काडतुसाची एकूण लांबी येथे फसवी ठरते. म्हणून गोळीच्या वक्राकार भागावरील ठरावीक व्यासापासून काडतुसाच्या बुडापर्यंतचे अंतर मोजतात. गोळी खाचांना भिडली किंवा फार आत गेली, तर दोन्ही परींनी दाब धोकादायक रीतीने वाढू शकतो.

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याविना दारूगोळा बनवता येत नाही. शिवाय म्युनिक येथे २०१० मध्ये विश्वविजेती ठरलेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवणारा स्वप्निल कुसाळे यांच्या पन्नास मीटर प्रकारांत वापरले जाणारे .२२ काडतूस पुन्हा भरण्याजोगेच नसते, कारण त्याचे पेटते द्रव्य कवचाच्या कडेतच भरलेले असते. म्हणून या प्रकारात एकाच कारखान्याच्या निरनिराळ्या खेपांतील काडतुसे आपल्याच नळीतून झाडून पाहतात आणि लक्ष्यावर छिद्रांचा सर्वांत आटोपशीर गट देणारी खेप निवडतात. हाताने भरणारा काडतूस रायफलीला जुळवून घेतो आणि .२२ चा नेमबाज जुळणारे काडतूस शोधतो, परंतु कारखान्याचे सर्वसाधारण माप एका नळीच्या स्वभावाला पुरे पडत नाही, हे दोघांचेही गृहीतक एकच आहे.