गुण आणि गुणपत्रक

मराठीत ‘गुण’ हा एकच शब्द आपण माणसाच्या अंगच्या योग्यतेलाही वापरतो आणि परीक्षेतील आकड्यालाही. त्यामुळे या दोन्ही गोष्टी एकच, असा आपला समज होऊन बसतो. ज्याला गुण अधिक तो अधिक गुणी, तेव्हा त्यानेच पुढे जावे, हा न्याय वरवर पाहता निर्दोष वाटतो. तो कितपत खरा, हे पाहण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले. वर्गातील क्रमांकाप्रमाणे इतर मुलांत बसण्याची त्यांना मुभा नव्हती. त्यांची जागा कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर. बुद्धी होती, क्रमांकही होता. परंतु जन्माने ठरविलेली जागा शाळेने बदलली नाही. पुढे १९१३ साली ते अमेरिकेस जाऊ शकले, ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीमुळे. अशी शिष्यवृत्ती ज्यांना लाभली नाही, त्यांच्या गुणांचे काय झाले असेल?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे नाना जातींची मुले एकत्र राहिली, एका पंक्तीत जेवली. पुढे ‘कमवा आणि शिका’ या योजनेने गरिबाच्या मुलाला कॉलेजचे दारही उघडले. मुलाला किती गुण पडले, याआधी तो राहणार कोठे आणि जेवणार काय, हे त्यांनी पाहिले.

आज शाळा गावोगाव आहेत, तरी प्रश्न मिटलेला नाही. सातारा-सांगलीच्या साखर कारखान्यांकडे मराठवाड्यातून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. त्यांच्यासोबत आलेल्या अनेक मुलांची शाळा दिवाळीनंतर कित्येक महिने सुटते. आपल्या मुलांना मात्र खासगी क्लास असतो, अभ्यासाला स्वतंत्र खोली असते. प्रश्नपत्रिका दोघांनाही एकच मिळते, म्हणून परीक्षा समान झाली असे आपण मानतो. वस्तुतः गुणपत्रकात मुलाच्या श्रमांबरोबर घरची परिस्थितीही मोजली गेलेली असते.

मायकेल यंग या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने १९५८ साली ‘गुणवंतांच्या राज्या’वर एक उपहासात्मक पुस्तक लिहिले. अशा राज्यात यशस्वी माणूस आपले यश सर्वस्वी स्वतःचे मानू लागतो आणि मागे राहिलेल्याला नालायक ठरवितो, हा धोका त्याने दाखविला. निकालाच्या दिवशी पेढे वाटताना आपल्याही मनात हा विचार डोकावतो, हे प्रामाणिकपणे मान्य करावे.

याचा अर्थ परीक्षा नकोत किंवा मुलांच्या श्रमांना मोल नाही, असा नव्हे. शाळा विषमता कमी करू शकते, हे याच जिल्ह्याने दाखविले आहे. मात्र ते केवळ परीक्षा घेऊन साधले नाही; शिकणाऱ्याच्या निवाऱ्याची आणि भाकरीची जबाबदारी समाजाने आपल्या शिरावर घेतली, तेव्हा साधले.