मुक्कामी गाडी आणि गाणारा माणूस

संध्याकाळी सहा-साडेसहाची वेळ. लोह्याच्या किंवा अहमदपूरच्या बसस्थानकावर खेड्याकडे जाणाऱ्या शेवटच्या गाडीची वाट पाहत माणसे उभी असतात. कोणी बाजार करून निघालेले, कोणी दवाखान्यातून परतणारे, कोणी कॉलेजची मुले. त्यांच्यातच एखादा माणूस असा दिसतो, की त्याच्या काखेत कापडात गुंडाळलेले तुणतुणे असते, साथीदाराच्या पिशवीत संबळ किंवा दिमडी असते. बाकीचे प्रवासी घरी चाललेले असतात. हा मात्र कामावर निघालेला असतो. रात्री कोणाकडे जागरण असते, कोणाकडे गोंधळ, कोठे सप्ताहातले भजन, तर कोठे जयंतीचा कार्यक्रम.

गायक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर रंगमंच, दिवे आणि टाळ्या येतात. पण ज्याच्यामागे कंपनी नाही, व्यवस्थापक नाही, स्वतःची मोटार नाही, असा गाणारा माणूस नांदेड-लातूरकडे आजही मोठ्या संख्येने आहे. त्याची कला त्याच्या गळ्यात असली, तरी त्याचा व्यवसाय एस.टी.च्या वेळापत्रकात असतो. गाडी, भाडे आणि मुक्काम या तीन गोष्टींनी त्याचे गाणे कसे घडवले, हे आज आपण पाहू.

गात गात फिरणे ही या भूमीची जुनी रीत आहे. संत नामदेवांचे मूळ गाव हिंगोली जिल्ह्यातील नरसी मानले जाते. तेथून त्यांची वाणी थेट पंजाबपर्यंत गेली आणि त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. गुरु नानकदेव देशोदेशी फिरले, तेव्हा त्यांच्यासोबत रबाब वाजवणारा भाई मर्दाना होता. पुढे १७०८ मध्ये गुरु गोविंदसिंहांनी नांदेड येथे ग्रंथालाच गुरुपद दिले. म्हणजे मराठवाड्यातून निघालेले गाणे पंजाबमार्गे पुन्हा गोदावरीकाठी येऊन पोहोचले. आज अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेसने येणाऱ्या भाविकांना कदाचित ठाऊकही नसेल, की आपण नामदेवांच्या प्रदेशात उतरतो आहोत.

पायी फिरणाऱ्यांनी आपली वाद्येही पायांना परवडतील अशीच निवडली. तुणतुण्याला एकच तार. वाघ्याची दिमडी तळहातावर मावते. वासुदेवाच्या चिपळ्या आणि टाळ झोळीत जातात. गोंधळ्याचा संबळ म्हणजे लहान-मोठ्या दोन वाद्यांची जोडी, पण ती कमरेला बांधून उभ्याने वाजवता येते. ही वाद्ये एस.टी.त सहज बसतात, कारण ती मुळातच वाटेवरची आहेत.

याउलट तंबोरा हे बैठकीचे वाद्य. पंढरपूर परिसरातला भोपळा आणि मिरजेच्या कारागिरांचा हात, यांतून तो तयार होतो. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी आणि लातूर ही गावे एके काळी बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांनी जोडलेली होती. ही छोटी गाडी १९११ मध्ये लातूरला पोहोचली आणि १९२७ मध्ये दुसऱ्या टोकाला मिरजेला. पंढरीच्या वारकऱ्यांची ती हक्काची गाडी होती. पण गर्दीच्या डब्यात किंवा एस.टी.त तंबोरा घेऊन बसणे म्हणजे तान्हे मूल घेऊन बसण्यासारखे. एक धक्का लागला की भोपळ्याला तडा गेलाच. बंगळूरच्या राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला, तेव्हा जाणकारांनी नाके मुरडली. मात्र बसने फिरणाऱ्या गायकाच्या दृष्टीने ती मोठी सोय होती. आज तर मोबाइलमध्येच तंबोरा मिळतो. पेटीचेही तसेच झाले. घडी होऊन हातात धरता येणारी सूटकेससारखी पेटी आली आणि पेटीवाल्याला हमाल करण्याची गरज उरली नाही.

आता गाडीकडे वळू. महाराष्ट्रातली पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर धावली. त्या वेळी मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाने तर १९३२ सालीच रेल्वेच्या अखत्यारीत २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली होती. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि ‘गाव तेथे एस.टी.’ हे वाक्य आपल्या भागातही घरोघरी पोहोचले.

नांदेडहून लातूरला रेल्वेने जायचे, तर पूर्णा, परभणी, परळी, लातूर रोड असा मोठा वळसा पडतो. त्यामुळे या दोन शहरांमधली खरी वाट म्हणजे लोहा, अहमदपूर, चाकूर ही सडक. याच सडकेवर लोहा तालुक्यात माळेगाव आहे. मार्गशीर्ष वद्यात तेथे खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट यांच्या बाजाराबरोबरच वाघ्या-मुरळी, तमाशाचे फड आणि लावणीचा महोत्सव यांसाठी ती प्रसिद्ध आहे. लोककलावंताच्या दृष्टीने यात्रा ही कमाईची जागा, तशीच ओळखी करण्याचीही. पुढच्या हंगामाच्या अनेक सुपाऱ्या अशा गर्दीत ठरतात.

या माणसाचे पंचांगही यात्रांवर चालते. नवरात्रात माहूरची रेणुका. त्यासाठी किनवटपर्यंत रेल्वे आणि पुढे बस, किंवा नांदेडहून थेट एस.टी. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई आणि तिच्यासोबत कुळाचाराचे जागरण-गोंधळ. महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वराची यात्रा. वीरशैव समाजात मन्मथस्वामींचे अभंग आणि शिवकीर्तन. औशाच्या नाथ संस्थानाची चक्रीभजनाची परंपरा तर पंढरपुरापर्यंत पोहोचलेली. कंधारला उरूस आणि कव्वाली. १४ एप्रिलपासून पुढचा महिना-दीड महिना भीमगीते गाणाऱ्यांना उसंत नसते. पाऊस पडला की मात्र बऱ्याच जणांची वाद्ये खुंटीला लागतात.

भीमगीतांचा विषय निघाला की वामनदादा कर्डक आठवतात. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी येथे १९२२ मध्ये जन्मलेले आणि २००४ मध्ये निधन पावलेले वामनदादा प्रौढपणी अक्षरे शिकले. १९४३ पासून ते गीते रचू लागले आणि पुढे उभे आयुष्य गावोगाव, वस्त्यावस्त्यांतून गात फिरले. कोणत्याही ध्वनिमुद्रिकेपेक्षा त्यांच्या फिरण्यानेच त्यांची गाणी लोकांच्या तोंडी बसली. ज्या वस्तीत रेडिओही नव्हता, तेथे गाणारा माणूस स्वतः जाऊन पोहोचत होता. त्या काळी प्रसाराचे साधन हेच होते.

या सगळ्या फिरण्यात सर्वांत महत्त्वाची गाडी कोणती? माझ्या मते मुक्कामी गाडी. शहरातल्या वाचकांना कदाचित ही कल्पना नसेल. दिवसाची शेवटची फेरी घेऊन एस.टी. एखाद्या आडगावी जाते, चालक आणि वाहक तेथेच रात्र काढतात आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला परत निघते. दूध, भाजी, शाळकरी मुले, कोर्टाच्या तारखेला निघालेला शेतकरी, सगळ्यांची ती गाडी. गाणाऱ्या माणसाला तर ती जणू त्याच्यासाठीच आखल्यासारखी. संध्याकाळी तिच्यातून उतरायचे, रात्री गायचे, पहाटे तिच्यातच बसायचे. रात्रभर चालणाऱ्या जागरणाच्या आणि भजनाच्या पद्धतीशी हे वेळापत्रक नेमके जुळत होते. वासुदेवाचे बघा. त्याची फेरी पहाटेची. सकाळच्या पहिल्या गाडीने येऊन त्याला चालत नाही, आदल्या रात्रीच गावात असावे लागते.

आता थोडा हिशेब करू. तिकीट शंभर रुपयांचे धरले आणि गोंधळाची मंडळी चार असली, तर जाऊन-येऊन आठ तिकिटे होतात. म्हणजे आठशे रुपये. बिदागी अडीच हजार ठरली, तर जवळपास एक तृतीयांश रक्कम वाटेतच संपली. वाहकाने पेटी-ढोलकीचे लगेज लावले, तर आणखी वजाबाकी. मग काय होते? चारांचे तीन होतात, तिनांचे दोन होतात. झांजवाला गळतो, मग दुसरा गळा गळतो. गोंधळात संवाद करणारा साथीदारच नसला, तर आख्यानातली निम्मी मौज जाते. कला आटली असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा तिकिटाच्या पैशांनी तिची माणसे कमी केलेली असतात. २५ जानेवारी २०२५ पासून एस.टी.चे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. डिझेल, सुटे भाग, पगार हे महामंडळाचे प्रश्न खरेच आहेत. पण ज्याची बिदागी गेल्या वर्षीएवढीच राहिली, त्याच्या पिशवीतून ही वाढ सरळ वजा होते.

याच्या दुसऱ्या बाजूला एक चांगली गोष्टही घडली आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले. त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास मिळू लागला. आराधी बायांचा मेळा, मुरळी, भजनी मंडळातल्या बायका यांना आता एकीच्या भाड्यात दोघींना जाता येते. थकलेल्या वयातला एखादा जुना शाहीर तिकिटाची चिंता न करता शिष्याच्या कार्यक्रमाला जाऊ शकतो. सवलत देणाऱ्यांच्या मनात गाणे नसेलही, पण तिचा लाभ गाण्यालाही झाला.

मुक्कामाचा दुसरा लाभ पैशांत मोजता येत नाही. कार्यक्रम संपला आणि गाडी पहाटेची असली, की गाणाऱ्याला गावात थांबावेच लागते. मारुतीच्या देवळात, समाजमंदिरात, यजमानाच्या ओसरीवर पथारी पडते. मग गावातला एखादा म्हातारा जवळ येऊन बसतो आणि म्हणतो, “बाबा, तुम्ही म्हणालात ते पद आमच्याकडं जरा वेगळं म्हणतात.” तेथे खरी देवाणघेवाण सुरू होते. चालींची, ओव्यांची, आख्यानातल्या एखाद्या विसरलेल्या कडव्याची. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे तेलुगू कानावर पडते. उदगीर, निलंगा, औराद शहाजानीकडे कानडी. आणि दखनी उर्दू तर सगळीकडेच. सीमेवरच्या बसस्थानकांवर शेजारच्या राज्यांच्या गाड्या येतात, पाट्यांवरची लिपी बदलते, तसा ठेकाही बदलतो. फिरणाऱ्या गायकाच्या झोळीत हे सगळे जमा होत जाते. बंगालमधले बाऊल गायक रेल्वेच्या डब्यात गातात, मुंबईच्या लोकलमध्ये भजनी मंडळे रंगतात, पण तेथे प्रवास हीच मैफल असते. आपल्याकडे प्रवासानंतरचा मुक्काम ही शाळा झाली. स्वतःच्या गाडीने रात्री येऊन रात्रीच परतणारा कलावंत गाऊन जातो, पण त्या गावाचे काही सोबत नेऊ शकत नाही.

ही साखळी अलीकडे तुटू लागली आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, यात्रा-जत्रा थांबल्या आणि एस.टी.ची आंतरजिल्हा वाहतूक त्या वर्षीच्या ऑगस्टमध्येच पुन्हा सुरू झाली. नंतर ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एस.टी. कर्मचाऱ्यांचा दीर्घ संप झाला. कर्मचाऱ्यांच्या घरात त्या काळात काय हाल झाले, हे आपण जाणतोच. पण ज्या आडगावांची एकुलती एक गाडी बंद पडली, तेथे लोकांनी जीप, रिक्षा, दुचाकी अशा सोयी शोधल्या. दुचाकीवर दोन माणसे जातात, चौघांचा गोंधळ जात नाही. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावता येत नाही. नियम योग्यच आहे, आजारी माणसाला आणि अभ्यास करणाऱ्या मुलाला शांतता हवीच. पण दहाला कार्यक्रम संपतो, परतीची गाडी नसते आणि यजमानही म्हणतो, “दहालाच आटोपलं की, आता निघा.” निघायचे कशाने, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

मग आपण काय करू शकतो? फार मोठ्या योजनांची गरज नाही. गोंधळ, भजन, कीर्तन किंवा जयंतीचा कार्यक्रम ठरवताना बिदागीच्या आधी वाटखर्ची वेगळी द्यावी. ती मानधनात धरू नये. कार्यक्रमाची वेळ ठरवण्यापूर्वी शेवटची गाडी कधी, पहाटेची कधी, हे पाहावे. रात्री थांबण्यासाठी स्वच्छ जागा, पांघरूण आणि पाणी असावे. बायका असतील तर बंद दाराची खोली असावी. ध्वनिक्षेपक बंद झाल्यावरही चार माणसे जवळ बसून ऐकू शकतात, आणि जुने जागरण असेच तर होत असे. गावची मुक्कामी गाडी बंद होण्याच्या मार्गावर असेल, तर ग्रामसभेने आगाराकडे तिची मागणी लावून धरावी. ती मागणी करताना विद्यार्थी, रुग्ण, शेतकरी यांच्या यादीत गाणाऱ्या माणसाचेही नाव लिहावे.

पहाटे पाचला गाडीचे इंजिन सुरू होते. वाहक घंटी देतो. रात्रभर जागलेला संबळवाला खिडकीशी डोके टेकून झोपी जातो. पुढच्या गावी त्याला कोणी बोलावले असेल, तर तो संध्याकाळी पुन्हा स्थानकावर उभा राहील. गाडी असेल, एवढेच आपण पाहायचे आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)