बर्फाच्या गावातलं उन्हाळं

जानेवारीच्या पहाटे भिलाईतल्या कोहक्यात आंघोळीला उठणं जिवावर येतं. बादलीत रॉड टाकायचा आणि शाल घट्ट लपेटून पाणी तापायची वाट बघायची. भिलाईच्या माणसाला उष्णता म्हटली की भट्टीच आठवते. इथली पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. म्हणून जमिनीतून कढत पाणी आपसूक वर येतं हे ऐकलं, की आपण आधी विचारतो, खाली जाळ कुणी घातला?

जाळ नाहीच! आपल्याच राज्याच्या उत्तर टोकाला, बलरामपूर जिल्ह्यात तातापानी आहे. ताता म्हणजे तापलेलं. तिथे भूवैज्ञानिकांनी विंधनविहिरी घेतल्या, तेव्हा ११२ अंशांचं पाणी वर आलं. जवळपास ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल झिरपतं, आणि साधारणपणे दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनी जमीन तापत जाते. म्हणजे हिशेबाने हे पाणी तीनेक किलोमीटर खाली जाऊन आलेलं! मोठ्या भेगेतून ते भरभर वर आलं, तरच गरम राहतं; रेंगाळलं की वाटेतच निवतं. कोकणात अशा झऱ्याला उन्हाळं म्हणतात. किती नेमका शब्द आहे!

आता जपानच्या नागानो प्रांतातलं नोझावा ओन्सेन बघा. ओन्सेन म्हणजे उन्हाळंच. सैबेरियाचा कोरडा गार वारा जपानच्या समुद्रावरून येताना ओलावा उचलतो, आणि वारा डोंगराला अडला की तो ओलावा बर्फ होऊन कोसळतो. दिवसा लोक त्या बर्फावर स्की करतात. तोच बर्फ वितळून जमिनीत मुरतो, आणि कधीतरी कढत होऊन गावात परत येतो. ज्यावरून घसरलो, त्याच पाण्याच्या कुळातल्या पाण्यात संध्याकाळी बसायचं. मला तर या फेऱ्याचंच सगळ्यात अप्रूप वाटतं.

मुक्काम र्‍योकानमध्ये, म्हणजे जुन्या वळणाच्या पाहुणघरात. चपला दारात काढायच्या. ते आपल्याला शिकवावं लागत नाही. खोलीत गवताच्या चटया, त्यांना तातामी म्हणतात. पलंग नाही. आपण जेवायला जातो तेवढ्यात कुणीतरी येऊन गादी घालून ठेवतं. अंगात सुती युकाता, डावी बाजू उजवीवर. उलटी नेसवतात ती फक्त मृताला. हौदात उतरण्याआधी बुटक्या स्टुलावर बसून अंग घासून धुवायचं, साबणाचा कणही राहू द्यायचा नाही. हौद मळ काढायला नाहीच, तो सगळ्यांचा आहे. पंचा पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर घडी करून ठेवायचा.

गावात तेरा सार्वजनिक न्हाणीघरं आहेत, बाहेरच्यांनाही मोकळी. दारात दानपेटी असते. झाडलोट वस्तीतली माणसं आळीपाळीने करतात. ओगामा नावाच्या कुंडात पाणी नव्वद अंशांच्या आसपास असतं; तिथे गावकरी नोझावाना नावाची पालेभाजी उकडतात. तातापानीलाही लोक फडक्यात तांदूळ बांधून पाण्यात सोडतात आणि भात शिजवतात.

संक्रांतीला तातापानीत जत्रा भरते, आणि १५ जानेवारीच्या रात्री नोझावात अग्नीचा उत्सव. लाकडांचा उंच मनोरा रचतात. बेचाळीस वर्षांचे पुरुष वर बसतात, पंचवीस वर्षांचे पायथ्याशी उभे राहतात, आणि बाकीचा गाव पेटत्या चुडी घेऊन चालून येतो. शेवटी मनोरा पेटतो, आणि सभोवती बर्फ असतो.